कोंड्याचा मांडा



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी आठ दिवस बाजारबंदी पुकारली गेली. सरकारने नव्हे, आमच्या मंडळींनी. फ्रीज पुसायला काढला तेव्हा त्यातून मटारच्या दोन पिशव्या, खोवलेल्या नारळाचा डबा आणि कधीच्या तरी सणातला पुरणाचा गोळा निघाला. कपाटात पाहावे तर पाच-सहा डाळी निम्म्या-निम्म्या उरलेल्या, कुळथाचे पीठ, मागल्या वर्षीचे सांडगे, आणि तळाशी गेलेली वाल-पावट्याची पुरचुंडी. "एवढं संपल्याशिवाय पिशवी घेऊन बाहेर पडायचं नाही," असा हुकूम सुटला. आठ दिवस आम्ही बाहेरून फक्त दूध घेतले. उपाशी राहिलो नाही. उलट रोज नवे काहीतरी पानात पडत होते.

मी पडलो इतिहासाचा शिक्षक. ताटात सांडग्याची आमटी आली की माझे लक्ष चवीपेक्षा सांडग्याकडे जास्त. मनात आले, आपण हे जे आठ दिवस गंमत म्हणून केले, ते आपल्या आजी-पणजी वर्षाचे बारा महिने करीत होत्या. त्याला आपल्या भाषेत शब्दही नेमका आहे : बेगमी. आणि त्या बेगमीतून निघेल त्यावर घर चालविणाऱ्या बाईचे कौतुक करण्यासाठी आपण म्हणतो, "ती कोंड्याचा मांडा करील." म्हणण छान आहे. पण मांड्याचे श्रेय बाईला देताना कोंडा आला कोठून, हे आपण विचारीत नाही. आजच्या भाषणात तेवढेच विचारायचे आहे.

एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट झाला की आपण म्हणतो, तिचे पेव फुटले. हे पेव म्हणजे काय, हे माझ्या वर्गातल्या साठ मुलांपैकी चौघांनाही सांगता आले नाही. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. गावाजवळची उंच, कोरडी, मुरमाड जागा पाहायची. तेथे माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड ठेवून खाली रांजणासारखा पोट सुटलेला खड्डा खणायचा. तळाला आणि कडेला कडबा, भुसकट यांचा जाड थर द्यायचा, आत ज्वारी भरायची, वर पुन्हा भुसकट, त्यावर दगड आणि माती. तोंड असे बंद झाले की आतले धान्य आतल्याच हवेवर श्वास घेते, हळूहळू प्राणवायू संपतो, आणि किडा-मुंगी जगत नाही. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसांनी हे अनुभवाने जाणले होते. याच कारणाने उघडलेल्या पेवात लगेच कोणी उतरत नसे. तोंड मोकळे ठेवून कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणसाने वरच थांबायचे. घाई करणाऱ्यांचे जीव गेले आहेत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीसाठी अशी पेवे आपल्या काळापर्यंत वापरात होती. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी निकामी झाली.

पेव हे साऱ्या बेगमीचे मूळ. ज्वारी एका वर्षी उदंड व्हावी आणि पुढची दोन वर्षे आभाळाकडे पाहण्यात जावीत, हा देशावरचा अनुभव. म्हणून पिकलेल्या वर्षाचे धान्य न पिकलेल्या वर्षाकडे नेऊन पोचवायचे, ते या खड्ड्यांतून. राज्यकर्तेही हेच करीत. पन्हाळ्यावरच्या अंबरखान्यातल्या गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या आजही पाहायला मिळतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर घरोघर ठाऊक आहे. बिदरच्या बादशहाचे कोठार त्यांनी भुकेल्यांसाठी उघडले, असे परंपरा सांगते. कथेतला चमत्काराचा भाग भाविकांसाठी सोडून देऊ. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एवढेच टिपायचे, की दुष्काळात उघडायला मंगळवेढ्यात भरलेले कोठार होते.

पेवातून धान्य घरात यायचे ते कणगीत. तुरकाठ्यांची किंवा कामट्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली ही कणगी माजघरात उभी असे. पुष्कळ ठिकाणी तिला बुडाशी एक भोक ठेवीत आणि त्यात चिंध्यांचा बोळा मारीत. वरून भरायचे आणि खालून काढायचे. म्हणजे जुने आधी संपते, नवे मागे राहते. आमच्या फ्रीजमध्ये हीच गोष्ट उलटी घडते. नवा डबा पुढे येतो, जुना मागे सरकतो आणि तिथेच म्हातारा होतो! कणगीत कडुलिंबाचा पाला घालायचा, बिब्बे टाकायचे, डाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा. उन्हाळ्यात सांडगे, कुरडया, पापड यांचे वाळवण. हरभऱ्याचा पाला आणि गवारी वाळवून ठेवायची. विदर्भात वांग्याच्या फोडी वाळवून त्यांच्या खुला करतात. सोलापूरकडे भाकरीच वाळवतात. कडक भाकरी महिना महिना टिकते, आमटीत चुरली की जेवण तयार. कोकणात पावसाचे चार महिने बाहेरची वाट बंद, म्हणून सुकट, बोंबील, आमसुले, फणसाच्या आठळ्या, कुळीथ. गोमंतकात या पावसाळ्याच्या साठ्याला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगिजांकडून आला, गरज मात्र येथल्या पावसाची. मे महिन्यात म्हापसा-मडगावला पुरुमेंताचा बाजार भरतो, तो त्यासाठीच.

आणि रोजच्या उरल्यासुरल्याचे काय? पोळी उरली तर कुस्करा. त्याला कोणी कौतुकाने माणिकपैंजण म्हणतात. नाव भारी, ऐवज शिळा. भात उरला तर फोडणी, वरण उरले तर त्यात पीठ मळून थालीपीठ, भाकरी उरली तर ताकात काला. ज्वारी भरडताना निघालेल्या कण्या वेगळ्या शिजत. यातला एकही पदार्थ चैनीतून आलेला नाही. इंधन, धान्य आणि वेळ या तिन्हींची टंचाई ओळखून बायकांनी ही विद्या उभी केली. बखरीत, कागदपत्रांत तिचा उल्लेख फार थोडा. कारण लिहिणारा जेवायला बसे तेव्हा ताट वाढलेले असे.

इथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. शिळे संपवायचे खरे, पण ते कोणी? घरात ताजे आधी पुरुषांना, मग मुलांना, आणि शेवटी खरवडलेले घरच्या बाईला. ती तक्रार करीत नव्हती म्हणून तिला ते आवडत होते असे मानायचे कारण नाही. आणि घराच्या उंबऱ्याबाहेर? गावकीची कामे करणाऱ्या महार कुटुंबांना घरोघर फिरून शिळ्या भाकरी मागाव्या लागत. गाव तो त्यांचा हक्क म्हणे. केलेल्या कामाचा मोबदला म्हणून दुसऱ्याच्या घरचे उरलेले हाती घ्यायचे, हा कसला हक्क? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टेशिळे तुकडे सोडण्याचा उपदेश केला. जुन्या काटकसरीचे गोडवे गाणाऱ्यांनी, त्यात मीही आलो, हे विसरून चालणार नाही. आपण उरवलेले आपणच खाणे ही काटकसर. ते दुसऱ्याच्या पदरात टाकून उपकार केल्याचा आव आणणे ही निराळी गोष्ट.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पेवे रिकामी कधी झाली?

१८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून इंग्रजांची नवी जमीनमोजणी आणि सारापद्धती सुरू झाली. सारा ठरला, तो रोख भरायचा. पीक घरात आले न आले तोच हप्ता उभा. मग ज्वारी पेवात जाण्याऐवजी बाजारात जाऊ लागली, किंवा सावकाराकडे. १८६० साली आगगाडी सोलापूरला पोचली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला. मग काही ज्वारीची जमीन कापसाखाली गेली. युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज तेवढे राहिले. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली, ती याच रागातून. पैशाचा व्यवहार वाईट असे माझे म्हणणे नाही. पण पूर्वी धान्य शेतकऱ्याच्या पायाखाली होते, ते आता दुसऱ्याच्या वखारीत गेले, एवढा फरक पडला.

आणि लगेच १८७६ साली पाऊस रुसला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, त्याखाली कर्नाटक, सगळीकडे एकच आकांत. आगगाडीने धान्य आणले नाही असे नाही. सोलापूरच्या स्टेशनावर पोती उतरत होती. पण विकत घेणाऱ्याच्या हाती पैसा कोठे होता? सरकारने खडी फोडण्याची कामे काढली. व्हाइसरॉय लिटन यांनी खर्च आवरण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठविले. त्यांनी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर मीठमिरचीपुरते पैसे, असा मजुरीचा हिशेब बसविला. पौंड म्हणजे आपल्या मापाने अर्धा किलोही नाही. दिवसभर घण मारणाऱ्या माणसाने त्यात जगायचे! १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू धरून सरकारला पत्रांवर पत्रे लिहिली. त्या पौंडभर धान्यात कोणत्या सुगरणीने कोंड्याचा मांडा केला असता? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

या दुष्काळानंतर १८८० च्या आयोगाने दुष्काळी मदतीचे नियम सुचविले आणि पुढे त्यांच्या संहिता झाल्या. भुकेची जबाबदारी काही अंशी तरी सरकारवर आली. पेवे मात्र परत भरली गेली नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात, मे १९४३ मध्ये, मुंबईत रेशनिंग आले. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि लोकांनी ते मनापासून पाळले. हे सर्व आपल्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेले आहे. मी १९७२ च्या दुष्काळाकडे येतो, कारण त्याची साक्षीदार माझ्या घरात होती.

माझी आजी तेव्हा तिशीतली. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले. खडीच्या कामावर ती आणि आजोबा दोघेही जात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. कामावर सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. "आजी, तू एवढी सुगरण. तेव्हा काय काय करायचीस?" असे मी लहानपणी विचारले होते. मला वाटले, ती एखादी युक्ती सांगेल. ती म्हणाली, "काय करणार? मिलोची भाकरी थापली की तुटायची. मग थापायचीच नाही, घाटा करायचा. सुकडी पोरांसाठी पदरात बांधून आणायची." थोड्या वेळाने म्हणाली, "कणगीत काही असतं तर केलं असतं की रे."

पुढे त्या कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेचा त्यात मोठा वाटा. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून अमलात आला. गावागावांत धान्य साठविण्याऐवजी काम आणि मजुरी देण्याची हमी, असा हा नवा मार्ग होता.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावात पेव कोठे होते, एवढे मुलांना म्हाताऱ्या माणसांकडून विचारून आणायला सांगा. पुष्कळ ठिकाणी जागा अजून ठाऊक असते. आमच्या गावचे पेव शाळेकडे जाणाऱ्या वाटेवर होते. रस्ता झाला तेव्हा ते मुरूम टाकून बुजविले. दर पावसाळ्यात तिथली जमीन वीतभर खचते, आणि पोळ्याच्या आधी ग्रामपंचायत एक ट्रॉली मुरूम आणून टाकते.