फियाट ते मर्सिडीज : रुबाबाची किंमत

गेल्या रविवारी नंदाखालच्या चर्चसमोर लग्नासाठी फुलांनी सजवलेली मर्सिडीज उभी होती. सोबतचा दहावीतला विद्यार्थी म्हणाला, "सर, भाईजानच्या निकाहलाही अशीच गाडी भाड्यानं आणायची आहे. अब्बा कर्ज काढणारच आहेत, त्यात थोडं वाढेल." मला लगेच उत्तर सुचलं नाही. पण गाड्यांचा इतिहास आठवला.

माझ्या लहानपणी वरातीचा रुबाब फियाटनं यायचा. ही गाडी आपल्या मुंबईचीच. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. पुढे तिलाच पद्मिनी नाव मिळालं. 1969 मध्ये सरकारनं मोटारींची किंमत कायद्यानं ठरवून दिली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. 1971 चा तो निकाल प्रसिद्ध आहे. किंमत बांधलेली, पण गाडी हाती यायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. घाई असेल तर वरचे पैसे मोजा! परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ बंद होती. स्पर्धा नसल्यानं साठच्या दशकातली ती फियाट फारशी न बदलता शतक संपेपर्यंत विकली गेली. म्हणजे तेव्हा चैन गाडीच्या दर्जात नव्हती, ती मिळण्यात होती.

1983 च्या अखेरीस मारुती आली. 1993 मध्ये मोटार उद्योगाचं लायसन्सराज संपलं आणि 1995 मध्ये पुण्यात मर्सिडीज तयार होऊ लागली. किंमत लाखांत गेली, पण त्या पैशात दर्जाही मिळत होता: भक्कम बांधणी, चांगले ब्रेक, शांत इंजिन.

आज काय? कधीकाळी महागड्या गाड्यांची मिरवण्याची गोष्ट असलेले एबीएस ब्रेक आणि चालकाची एअरबॅग 2019 पासून साध्या गाडीतही सक्तीचे झाले. आरामात आणि ताकदीत फरक अजून आहेच. पण साध्या आणि आलिशान गाडीच्या किमतीत जेवढं अंतर आहे, तेवढं दर्जात उरलेलं नाही. मधली रक्कम बरीचशी बोनेटवरच्या चिन्हाची.

आपल्या दीनमध्ये इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत आहे. चांगली गाडी घेणं गुनाह नाही. पण दोन तासांच्या रुबाबासाठी अब्बांनी दोन वर्षं हप्ते का भरावेत?

सोमवारी वर्गात मी त्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "घरी बोलतो, सर."