शंभर माणसे, अठ्ठावीसशे बुशेल

1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ‘सीझर 3’ नावाचा संगणकीय खेळ बाजारात आला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. माझ्या डोक्यात मात्र त्या जोडीनेच राहतात, कारण नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या त्या दिवसांत माझा भाचा घरच्या संगणकावर रोमन शहर बांधत बसे. रस्ता, विहीर, कोठार, बाजार. कोठारात धान्य असले तर घरे वाढत जातात. ते संपले तर लोक चिडतात आणि शहर सोडून जातात. मी धान्याच्या दुकानात हिशेब लिहिणारा माणूस. देवळे नि रंगशाळा मला दिसल्याच नाहीत, मी त्या कोठाराकडे बघत राहिलो. इतिहासाचे माझे शिक्षण कुठल्या वर्गात झालेले नाही; जे झाले ते अशाच आडवाटेने.

या खेळांचे मूळ शोधत गेलो तेव्हा हाती लागली ती अमेरिकेतली एक प्राथमिक शिक्षिका. मेबल अ‍ॅडिस तिचे नाव. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर परगण्यात, आयबीएमच्या सहकार्याने, शाळकरी मुलांना अर्थव्यवहार शिकवण्याचा एक प्रयोग चालू होता. त्यासाठी तिने 1964 साली ‘सुमेरियन गेम’ लिहिला. प्रोग्राम केला विल्यम मॅके यांनी. पडदा नाही, चित्र नाही. दूरवरच्या मोठ्या संगणकाला जोडलेले टंकयंत्र कागदावर मजकूर छापणार आणि सहावीतला मुलगा आकडा टाइप करणार. तो मुलगा म्हणजे इसवी सनापूर्वी 3500च्या सुमाराचा लगश नगरीचा राजा. धान्य किती आले हे कारभारी येऊन सांगतो. त्यातले खायला किती, पेरायला किती, साठवायला किती, हे राजाने ठरवायचे. मधेच एखादी आपत्ती कोसळते. मूळ प्रोग्राम आज उपलब्ध नाही. छापील कागदांचे काही तुकडे तेवढे उरले आहेत. म्हणजे सुमेरच्या मातीच्या पाट्यांपेक्षाही त्याचे आयुष्य कमी भरले!

पुढे 1968 मध्ये डग डायमेंट यांनी याच कल्पनेवर एक छोटा खेळ केला. डेव्हिड आल यांनी तो बेसिक भाषेत आणून 1973च्या आपल्या पुस्तकात छापला, आणि तिथून तो घरोघरच्या संगणकांवर गेला. नाव ‘हमुराबी’. इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘एम’ गळाला, कारण प्रोग्रामच्या नावात आठच अक्षरे बसत, असे सांगतात. शिवाय हम्मुराबी बॅबिलोनचा, आणि हा खेळ स्वतःला सुमेरचा म्हणवतो. असो.

हा खेळ मी वहीवर उतरवून काढला. आरंभी 100 माणसे, 1000 एकर जमीन, 2800 बुशेल धान्य. दर माणशी वर्षाला 20 बुशेल लागतात, बियाण्याला एकरी अर्धा. सगळ्यांना जेवू घालून सगळी जमीन पेरली की 300 उरतात. एकरी पीक एक ते पाच बुशेल, नशिबावर. एकच आले तर शिलकीसह 1300, त्यात 65 माणसे जगतात. नव्याने आलेली सोडून दिली तर 35 मरतात. गंमत पुढेच आहे. एका वर्षात शेकडा 45पेक्षा जास्त माणसे मेली तरच राजाला पदच्युत करतात. पस्तीस माफ.

आईला हे समजावून सांगितले. तिने बहात्तरचा दुष्काळ पाहिलेला, खडी फोडून सुकडी खाल्लेली, लाल मिलोची भाकरी थापलेली. उंदरांनी किती धान्य खाल्ले हे हा खेळ दरवर्षी वेगळे सांगतो. ते ऐकून ती म्हणाली, “आणि दुकानदारांनी किती खाल्लं, ते नाही का सांगत?” दुकानात नोकरी करणाऱ्या मुलाला यावर काय उत्तर सुचणार?

पण तिच्या प्रश्नाने मला पुन्हा आपल्या वाटेवर आणले. सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा जुना व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जात असे. पीटर मंडी हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर 1630च्या हिवाळ्यात आग्र्याकडे निघाला तो याच रस्त्याने. गुजरात, खानदेश आणि दख्खन तेव्हा भीषण दुष्काळात होरपळत होते. नंदुरबारच्या आसपासचे त्याचे वर्णन वाचवत नाही. लहानसा तंबू ठोकायचा तर प्रेतांपासून मोकळी जागा सापडत नाही. प्रवाशांच्या जनावरांच्या शेणात न पचलेला दाणा मिळेल म्हणून माणसे शेण उकरताहेत. माझे घर आहे त्या गावाच्या शिवेवरची ही हकिगत, आणि मला ती चाळिशी उलटल्यावर कळली.

धान्य मुळातच कुठे नव्हते, असे म्हणून मला इथे सुटता येत नाही. त्याच काळात शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपूरला तळ देऊन होता. एवढ्या लष्कराला, घोड्यांना, हत्तींना रोज दाणा लागतो आणि तो मुलखातूनच ओढला जातो. दरबारी इतिहासात बादशहाच्या दयेचीही नोंद आहे. बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरत इथे लंगर उघडले; बऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले. नकाशा काढून बघावा. एका टोकाला सुरत, दुसऱ्या टोकाला बऱ्हाणपूर, दोन्हीकडे लंगर. नंदुरबार मधे.

एकाच माणसाच्या हाती कोठीची किल्ली, हे या खेळांचे गृहीतक. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या शेतकऱ्यांचे तसे होते का? तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे लोक दक्षिण काशी म्हणून ओळखतात. तिथल्या पांढरीच्या टेकाडात बी. के. थापर यांनी 1955 मध्ये उत्खनन केले. तळाशी ताम्रपाषाणयुगीन शेतकरी, माळवा आणि जोर्वे धाटणीची रंगीत खापरे, वर लोखंड वापरणारे, त्याही वर इतिहासकाळ. पण तो खड्डा थरांचा क्रम लावण्यासाठी खोल घेतलेला. घरांची रचना कळायला आडवे, रुंद खोदावे लागते. तसे काम पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला झाले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या त्या उत्खननात जोर्वे काळातले पाच खोल्यांचे घर मिळाले, शेजारी धान्याचे कोठार, आणि नदीच्या पुराचे पाणी वळवणारा पाट व बांध. ते घर गावप्रमुखाचे, कोठार गावाच्या गोळा केलेल्या धान्याचे, असे ढवळीकरांचे अनुमान. नंतर पाऊस कमी होत गेला असावा, असेही त्यांनी मांडले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, आणि इसवी सनापूर्वी 700च्या सुमारास गाव ओस पडले.

म्हणजे किल्लीवाला आपल्याकडेही होता. त्याच्या हिशेबात काय लिहिले जाई ते खापरे सांगत नाहीत. मला मात्र शेजारच्या पांझरेवरची फड पद्धत आठवते. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडांत फिरते, कुठल्या फडात काय पेरायचे ते गाव बसून ठरवते, पाटकरी आणि जागल्या गावाचे नोकर. असा खेळ मी अजून पाहिलेला नाही. कदाचित तो खेळायला बसणाऱ्यांची भांडणेच मिटायची नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात भाच्याकडून ‘हमुराबी’त एक ओळ वाढवून घेतली. राजाला विचारण्याआधीच कोठीतले एकतृतीयांश धान्य छावणीकडे जाते. पहिल्याच वर्षी हाती राहतात 1866 बुशेल. सगळी जमीन पेरली तर 68 माणसांपुरते उरते. बियाण्यासकट सगळे वाटून टाकले, एक दाणाही मातीत घातला नाही, तरी सात जण उपाशी राहतात. राजाची गादी दोन्ही वेळा शाबूत होती. भाच्याने विचारले, छावणीचे ते धान्य खर्चात कोणत्या नावाने दाखवू? तूर्त मी त्याला उंदरांच्या ओळीत मिळवायला सांगितले आहे.