खिडकीतून पक्षिनिरीक्षण (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

खिडकीतून पक्षिनिरीक्षण म्हणजे घराच्या खिडकीतून, पडवीतून वा ओसरीवरून अंगणात व परसबागेत येणाऱ्या पक्ष्यांचे केलेले नियमित निरीक्षण होय. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत त्याला विशेष महत्त्व आहे. येथील अनेक गावांत परसबाग संपते तेथेच जंगल सुरू होते; त्यामुळे अंगणातील आणि रानातील पक्षी असा भेद येथे फारसा टिकत नाही.

या जिल्ह्यांत जंगलात पायी फिरून पक्षी पाहणे सहज शक्य नसते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत मोहफुले व तेंदूपाने वेचण्यास गेलेल्या माणसांवर वाघांचे हल्ले झालेले आहेत. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात पायी फिरण्यास मनाई असून पावसाळ्यात तेथील गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते. वृद्ध, रुग्ण व शाळकरी मुलांसाठी खिडकी हीच निरीक्षणाची सुरक्षित जागा ठरते. तिला दुय्यम मानण्याचे कारण नाही. एकाच जागेवरून वर्षभर केलेल्या नोंदींतून जे कळते, ते एका दिवसाच्या जंगलफेरीत कळत नाही.

आढळणारे पक्षी

चिमणी, कावळा, साळुंकी, होला, लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंपी, कोतवाल व भारद्वाज हे बारमाही पक्षी होत. सातभाई नेहमी थव्याने वावरतात आणि पालापाचोळा उलटून किडे शोधतात. टकाचोर झाडीतून अंगणात उतरतो. उंबर वा पिंपळ फळला असल्यास राखी धनेशही येतो. सायंकाळी जुन्या झाडाच्या ढोलीतून पिंगळा बाहेर पडतो.

ऋतूप्रमाणे हे चित्र बदलते. हिवाळ्यात थिरथिरा व धोबी हे पाहुणे येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की शिंजीर, साळुंक्या आणि भोरड्या त्यावर जमतात. भोरडीला पळसमैना असेही म्हणतात. उन्हाळ्यात कोकीळ व पावशा यांचे आवाज ऐकू येतात. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो. तो रानालगतच्या घरांतून पहाटे व सांजवेळी बहुधा ऐकूच येतो, दिसतो क्वचित.

पावशा व चातक आपली अंडी सातभाईच्या घरट्यात घालतात. आपल्याहून आकाराने मोठ्या पिल्लाला भरवणारे सातभाई पाहायला मिळणे हा खिडकीतील निरीक्षकाचा मोठा लाभ होय.

घरांतील बदल आणि चिमणी

मातीच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर असलेल्या घरांत कवेलू व फाटे यांच्यामधील फटींत चिमण्या घरटी करीत. सिमेंटच्या सपाट छताच्या घरांत अशा फटी राहत नाहीत. अंगणात धान वाळवण्याची व पाखडण्याची कामेही यंत्रांमुळे कमी झाली. त्यामुळे सांडलेले दाणे आणि त्यांच्याभोवतीचे किडे, दोन्ही घटले. चिमणीच्या पिल्लांना पहिले काही दिवस प्रामुख्याने किडेच भरवले जातात, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. केवळ दाणे टाकून चिमण्या वाढत नाहीत. भिंतीवर लाकडी पेटी लावायची झाल्यास तिचे भोक साधारण सव्वा इंचाचे असावे. शेजारच्या छत्तीसगडमध्ये नव्या धानाच्या लोंब्यांची झालर विणून दाराशी टांगण्याची प्रथा आहे. तिच्यावर चिमण्या येतात.

पाणी, दाणे व काच

चंद्रपुरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा वेळी चोच उघडी टाकून धापा टाकणारे पक्षी दिसतात. त्यांच्यासाठी मातीचे उथळ भांडे सावलीत ठेवावे. खोल भांड्यात लहान पक्षी बुडण्याचा धोका असतो. पाणी रोज बदलणे आवश्यक आहे, कारण साचलेल्या पाण्यात डास वाढतात आणि गडचिरोली हा हिवतापग्रस्त जिल्हा आहे. दाणेही बेताचेच टाकावेत. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात व उंदरांमागे साप येतात.

दयाळ, बुलबुल व धोबी काचेतील स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून त्यावर चोची मारतात. विणीच्या काळात अशा काचेवर बाहेरून कापड वा कागद लावणे पुरेसे होते.

पोपट पिंजऱ्यात पाळण्याची सवय या भागातही आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तो गुन्हा आहे.

नोंदी

पक्ष्यांची मराठी व आदिवासी नावे जमवण्याचे मोठे काम वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी केले. त्यांचा 'पक्षिकोश' निरीक्षकांना उपयोगी आहे. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व सलीम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर. या दोहोंमधील काळ महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. अमेरिकेत १९९८ मध्ये सुरू झालेल्या अंगणातील पक्ष्यांच्या गणनेत भारत २०१३ पासून सहभागी आहे. फेब्रुवारीतील चार दिवस चालणाऱ्या या गणनेत किमान १५ मिनिटे एका जागी थांबून दिसलेल्या व ऐकू आलेल्या पक्ष्यांची यादी करायची असते.

नोंदीत तारीख, वेळ, हवामान, पक्षी व त्याची कृती लिहावी. येजा करणारा पक्षी दर वेळी नवा धरू नये. एका वेळी जास्तीत जास्त जितके दिसले तितकेच मोजावेत. साळुंक्यांच्या एका जोडीने तासाभरात पाच फेऱ्या मारल्या, तरी नोंद दोन पक्ष्यांचीच होते.