तळटीप : गावठाणातला प्लेगचा क्रूस

१. प्लेगचा क्रूस : १८९६ साली मुंबईच्या मांडवीत प्लेग उघडकीस आला आणि पुढे उपनगरांतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या गावठाणांत, वेशीवर-नाक्यावर, असे क्रूस उभे राहिले. हा साथीच्या भीतीने बोललेला नवसच, असे म्हणतात. ते निम्मेच खरे. नवस फिटला की माणूस मोकळा होतो. इथे मात्र साथ ओसरून शतक उलटले तरी मे महिन्यात क्रूसाला चुना लागतो, झेंडूची माळ चढते, मेणबत्त्या लावून शेजारीपाजारी जपमाळ म्हणतात. शिवाय क्रूस ही खूण मरण टळल्याची नव्हेच, मरण सोसल्याची आहे; पुनरुत्थान त्यानंतरचे. त्यामुळे गेलेल्यांचा शोक आणि उरलेल्यांची आशा एकाच दगडापाशी मांडता आली. (गावठाणांतले सगळेच क्रूस प्लेगचे नव्हेत, काही त्याच्याही आधीचे आहेत.)