चार धावांचे इंजिन आणि तिसऱ्या माणसाची नजर

यंत्राचा इतिहास सांगताना शोध कोणी लावला व कधी लावला एवढे सांगून आपण बहुधा थांबतो. ते यंत्र पुढे कोणी जपले, कोणत्या शिस्तीने जपले आणि त्याची परीक्षा कोणी घेतली, हा त्याच इतिहासाचा उत्तरार्ध होय. पण तो सहसा अलिखित राहतो. आज ज्या वाहनाविषयी बोलावयाचे आहे, त्याच्या बाबतीत हा उत्तरार्धच अधिक मोलाचा आहे. डोंगर, चिखल, नाले ओलांडीत दिवसचे दिवस धावण्याच्या स्पर्धेसाठी तयार केलेली फोर-स्ट्रोक मोटारसायकल हे ते वाहन. जगभर तिला एंड्युरो म्हणतात आणि त्या नावातच टिकाव धरण्याचा अर्थ आहे. विषय कोणास दूरचा वाटेल. परंतु त्याचा धागा आपल्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीपर्यंत येऊन पोचतो, आणि तेथे तो एका तरुणाच्या मृत्यूशी जोडलेला आहे.

फोर-स्ट्रोक म्हणजे चार धावांचे इंजिन. नळकांड्यात दट्ट्या खाली जातो तेव्हा पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. वर येतो तेव्हा ते दाबले जाते. ठिणगी पडताच स्फोट होऊन दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. आणि चौथ्या धावेत धूर बाहेर पडतो. चार धावांपैकी काम करणारी धाव एकच. बाकीच्या तीन तिची तयारी व आवराआवर करतात. हे तत्त्व फ्रेंच अभियंता बो द रोशा याने १८६२ मध्ये कागदावर मांडले होते. जर्मनीत निकोलाउस ऑटो याने १८७६ मध्ये तसे इंजिन प्रत्यक्ष चालवून दाखविले. पुढे १८८५ मध्ये डाइमलर व मायबाख यांनी लहानसे चार धावांचे इंजिन लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर बसविले. त्याची शक्ती सुमारे अर्धा अश्वशक्ती होती. मोटारसायकलचा वंश तेथून सुरू झाला असे म्हणावयास हरकत नाही.

वाहन निर्माण झाले. आता ते भरवशाचे आहे की नाही हे कसे ठरवावयाचे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय चाचणी भरली. ही केवळ वेगाची शर्यत नव्हती. ठराविक वेळी ठराविक ठाण्यावर पोचावयाचे, उशीर झाला तर गुण कापले जावयाचे, आणि हे सलग सहा दिवस निभवावयाचे, असा तो प्रकार होता. १९८१ पासून या स्पर्धेच्या नावात 'चाचणी'ऐवजी 'एंड्युरो' हा शब्द आला.

या स्पर्धेचे नियम नीट पाहिले म्हणजे तिचे मर्म कळते. गाडीची दुरुस्ती स्वाराने स्वतःच्या हातांनी केली पाहिजे. पंक्चर झालेला टायरही त्यानेच बदलावयाचा. रात्री सर्व गाड्या कुंपणात बंद होतात व तेथे कोणालाही हात लावता येत नाही. सकाळी निघण्यापूर्वी दहा मिनिटे आणि सायंकाळी पंधरा मिनिटे, एवढाच काळ दुरुस्तीला मिळतो. मुख्य भागांवर आरंभीच खुणा केलेल्या असतात, म्हणजे कोणी ते गुपचूप बदलू नयेत. आणि या सर्वांच्या आधी तांत्रिक तपासणी असते. ज्याचा त्या गाडीत कसलाही स्वार्थ नाही असा तपासनीस ब्रेक, चाके, हँडल, स्वाराचे शिरस्त्राण पाहतो आणि मगच 'जा' म्हणतो.

आता गाडीकडे वळू. महायुद्धानंतर दोन धावांच्या हलक्या गाड्यांनी या स्पर्धा काबीज केल्या. पूर्व जर्मनीच्या संघाने एमझेड गाड्यांवर १९६३ ते १९६७ अशी सलग पाच वर्षे मानाची ढाल जिंकली. आपल्याकडेही राजदूत आणि जावा यांच्या रूपाने दोन धावांचाच आवाज गावोगाव घुमला. १९८५ मध्ये हीरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली तेव्हापासून चार धावांचे इंजिन कास्तकाराच्या अंगणात उभे राहू लागले. स्पर्धेच्या जगात मात्र ते मोठ्या प्रमाणावर परतले ते १९९८ च्या सुमारास, यामाहाच्या चारशे सीसीच्या गाडीने वाट मोकळी केल्यावर. महाराष्ट्राचाही या कथेत वाटा आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियातील केटीएम कंपनीत भांडवल गुंतविले आणि पुढे चाकणच्या कारखान्यातून केटीएमची एकनळी फोर-स्ट्रोक इंजिने जगभर जाऊ लागली. २०२१ च्या डाकार रॅलीत सौदी अरबस्तानच्या वाळवंटात उतरलेल्या भारतीय स्वारांत आशीष रावराणे हा व्यापारी जहाजावरील मराठी अधिकारी होता.

स्पर्धेचे हे इंजिन आणि अंगणातले इंजिन तत्त्वाने एकच, पण स्वभावाने फार निराळे. दोन धावांच्या इंजिनात तेल पेट्रोलबरोबर जळून जाते. चार धावांच्या इंजिनात तेच तेल पोटात राहून पुनःपुन्हा फिरते आणि झिजेचा कस आपल्यात साठवीत जाते. स्पर्धेच्या गाडीत ते जेमतेम लिटरभर मावते आणि इंजिन तर मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात फिरते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचे तेल किलोमीटर मोजून बदलतात, तर या गाडीचे तास मोजून. दट्ट्याचे आयुष्यही तासांतच लिहून ठेवावे लागते. झडपा व त्यांना उघडणारा दांडा यांमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी फट असते. झडपेची बैठक झिजली की ही फट कमी होते, झडप पुरती मिटत नाही, आणि गाडी सुरू व्हावयास कुरकुर करू लागते. जाणता मनुष्य त्या कुरकुरीवरूनच दुखणे ओळखतो. अजाण मनुष्य किक मारीत बसतो.

हवेच्या गाळणीची गोष्टही अशीच आहे. आपल्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात पिठासारखी बारीक असते. गाळणीचा स्पंज धुऊन, वाळवून, तेलात भिजवून बसविला नाही, तर ती धूळ थेट नळकांड्यात जाते व दट्ट्याच्या कड्या खाऊन टाकते. पावसाळ्यात हीच माती चाकाला थापून चाक अडविते. अशा वेळी स्वाराने पावठ्यांवर उभे राहावे, गुडघ्यांनी टाकी आवळावी, नजर पुढच्या चाकापाशी न ठेवता दूर टाकावी, आणि गती एकसारखी राखावी. घाबरून मूठ सोडली की गाडी रुतलीच म्हणून समजा. नाल्यात इंजिनाने पाणी ओढले तर पुन्हा सुरू करण्याची घाई करू नये. पाणी दाबले जात नाही. जोर केला तर दट्ट्याचा दांडाच वाकतो. आधी प्लग काढावा, पाणी उडवून द्यावे, गाळणी पाहावी, मग किक मारावी. धाडस व सावधपणा हे दोन गुण परस्परविरोधी नाहीत. या खेळात ते एकाच माणसाच्या अंगी असावे लागतात.

आणि येथेच फुलसावंगी आठवते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्या गावातील एका चोवीस वर्षांच्या वेल्डिंग कारागिराने स्वतः बांधलेल्या एका आसनी हेलिकॉप्टरची रात्री चाचणी घेतली. त्याचे नाव येथे घेत नाही. गावाला ते ठाऊक आहे. शाळेचे शिक्षण थोडे, पण हातात विलक्षण कसब. त्याने जुन्या मारुती ८०० मोटारीचे इंजिन वापरले होते. म्हणजे ऑटोच्याच वंशातले, तीन नळकांड्यांचे, चार धावांचे. इंजिन चालले. अपयश आले ते दुसरीकडे. मागचे पाते तुटले, ते डोक्यावरच्या मोठ्या पात्यावर आदळले, आणि त्या आघाताने तरुणाचा अंत झाला. स्वातंत्र्यदिन काही दिवसांवर आला होता.

त्या घटनेनंतर कोणी त्याच्या बुद्धीचे कौतुक केले, कोणी वेड म्हणून हळहळले. दोन्ही प्रतिक्रिया मला अपुऱ्या वाटतात. कार्लाइलच्या स्वारांपाशी त्याच्याहून अधिक बुद्धी होती असे मुळीच नाही. तेही आपली गाडी स्वतःच जुळवीत व स्वतःच जीव धोक्यात घालीत. फरक एवढाच की त्यांच्या आणि धोक्याच्या मध्ये एक तिसरा मनुष्य उभा होता. बनविणाऱ्याला आपल्या कृतीची माया असते, चालविणाऱ्याला उत्साह असतो. या दोघांना न दिसणारी भेग पाहण्यासाठी तपासनीस लागतो. पाश्चात्य देशांनी स्पर्धेच्या निमित्ताने त्या तपासनीसाला एक जागा दिली. आपण कारागीर निर्माण केले, पण ही जागा त्यांच्या गावात निर्माण केली नाही.

ती निर्माण करावयास फार द्रव्य लागत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांनी महिन्यातून एक दिवस कोणाही गॅरेजवाल्या मुलाच्या प्रयोगासाठी मोकळा ठेवावा. मोटारसायकलवर रानवाटा तुडविणाऱ्या तरुणांनी तासांची वही ठेवावी आणि निघण्यापूर्वी आपली गाडी दुसऱ्याला तपासू द्यावी, दुसऱ्याची आपण तपासावी. फिरते यंत्र प्रथम सुरू करताना माणूस त्याजवळ नसावा, ही साधी रीत प्रत्येक कारखान्याला माहीत आहे. ती प्रत्येक टपरीवजा गॅरेजलाही माहीत झाली पाहिजे. महागाव, उमरखेड, पुसदच्या गॅरेजांतून आजही असे हात काम करीत आहेत. त्यांतल्या एखाद्याने उद्या काही नवे जुळविले, तर त्याच्याकडे गर्दी करून टाळ्या वाजविण्याआधी त्याचे नट-बोल्ट पाहावयास कोण जाणार, हे आपण आजच ठरवून ठेवावे.