शाहजोग

मागच्या महिन्यात असोद्याच्या घराचा माळा आवरायला काढला. पुतण्याला तिथे स्लॅब टाकायचा आहे, त्यामुळे जुनं सामान हलवणं भाग होतं. एका कोपऱ्यात तारेत ओवलेल्या कागदांचा गठ्ठा सापडला. कागद पिवळे पडलेले, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. वडिलांच्या केळीच्या पट्ट्या होत्या त्या.

आजच्या मुलांना पट्टी म्हणजे काय ते सांगावं लागतं. आमचा माल रेल्वेच्या वाघिणीतून दिल्लीला जायचा. तिथला आडत्या तो विकायचा आणि मग हिशोबाचा कागद पोस्टाने पाठवायचा. वजन किती भरलं, भाव काय मिळाला, त्यातून आडत, हमाली, तोलाई, टपालखर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय उरलं, ते त्या कागदावर. माल गेल्यानंतर पट्टी यायला दहा-पंधरा दिवस लागत. तोपर्यंत आपली केळी कोणत्या भावाने गेली हे घरात कोणालाच ठाऊक नसे. वडील दुसरी शिकलेले, त्यामुळे पट्टी वाचायचं काम माझ्याकडे. मी आकडा वाचायचो आणि आई चुलीपाशी बसून वडिलांच्या चेहऱ्याकडे बघायची. माझी वह्या-पुस्तकं त्या चेहऱ्यावर ठरायची.

पुतण्या गठ्ठा चाळत होता. त्याच्या मोबाईलवर बऱ्हाणपूरच्या लिलावाचे भाव रोज येतात. तो म्हणाला, "काका, पंधरा दिवसांनी भाव कळायचा? मग आडत्यानं खोटं लिहिलं तर?"

मी म्हटलं, "लिहितही असतील. पण पट्टीवर वर नाव बघ कोणाचं आहे. खोटं सापडलं असतं तर कोणाला धरायचं ते माहीत होतं."

उत्तर दिलं खरं, पण त्याचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. बातमी उशिरा येणं वाईट, की कोणाची आहे हे न कळणं वाईट? थोडं मागे जाऊन बघू.

आपल्याकडे बँका नव्हत्या तेव्हा व्यापार हुंडीवर चाले. एका गावचा सावकार दुसऱ्या गावच्या पेढीला लिहून देई की अमुक रक्कम द्यावी. दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी मिळायचे ती मुदती. मूळ हुंडी हरवली तर दुसरी प्रत निघे, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ. पण मला सगळ्यांत आवडतो तो शब्द म्हणजे शाहजोग. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही वाटसरूच्या हातावर ठेवायचे नसत. ती 'शाहा'ने, म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसाने आणली तरच द्यायचे. आणि पुढे हुंडी बनावट निघाली तर त्या शाहाने पैसे व्याजासकट परत करायचे. थोडक्यात, कागद पुढे देणाऱ्याने त्याची जबाबदारीही घ्यायची. न घोडा न शिपाई, तरी एवढा मोठा देश या एका रिवाजावर देवघेव करत होता.

पुढे इंग्रजांनी बातमीला पाय लावले. १८५४ मध्ये साऱ्या देशाला एकसारखा टपालदर आला. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं आणि गरिबालाही लिहिणं परवडू लागलं. १८६० च्या दशकात आगगाडी आपल्या खानदेशात आली, सोबत तारेचे खांब आले. १८६५ च्या सुरुवातीला इराणच्या आखातातून गेलेल्या तारेने हिंदुस्थान युरोपशी जोडला गेला. एरवी आगबोटीने यायला महिना लागणारी बातमी दिवसांत येऊ लागली.

नेमकं त्याच वर्षी वेगाचा पहिला मोठा फटका बसला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे धाव घेतली. खानदेशात कापसाला सोन्याचा भाव आला. कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटी कापसाचं बी पेरायचा आग्रह धरला तो याच काळात. मुंबईत प्रेमचंद रायचंद हे कापसाचे आणि शेअरचे राजे झाले. समुद्र बुजवायच्या बॅकबे कंपनीचे शेअर लोकांनी डोळे झाकून घेतले. मग एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेला. युद्ध संपलं ही खरं तर चांगली बातमी! पण ती मुंबईत पोचली आणि कापसाचे भाव कोसळले. प्रेमचंद बुडाले. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेचं दिवाळं निघालं. ज्याला आधी कळलं तो सावरला, ज्याला उशिरा कळलं तो बुडाला. आणि सगळ्यांत उशिरा कळणारा माणूस कोण? अर्थातच कापूस पिकवणारा. त्याला तर युद्ध चालू आहे हेसुद्धा धड ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत हे असंच चालत आलं. भाव आधी व्यापाऱ्याला कळायचा, मग शेतकऱ्याला. आकाशवाणीवरचे बाजारभाव, पुढे कोपऱ्याकोपऱ्यावरचे एसटीडी बूथ, २००५ मध्ये निघालेलं ॲग्रोवन, अशा एकेका पायरीने ते अंतर कमी होत गेलं. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, पण तोवर तिची आठवण काढायलाही कोणाला वेळ नव्हता. आता बांधावर उभा राहून पुतण्या तीन बाजारांचा भाव बघतो आणि व्यापाऱ्याला म्हणतो, "भाऊ, एवढ्यात नाही जमणार." माझे वडील हे वाक्य जन्मात बोलू शकले नाहीत. या बदलाचं मोल मी कमी लेखणार नाही.

आणखी एक बदल माझ्या घरातच झाला. उन्हाळ्यात आमच्याकडे ज्वारीचे बिबडे, पापड, कुरडया होतात. सूनबाई आणि शेजारच्या चौघीजणी मिळून ते करतात. आधी जळगावच्या ओळखीच्या चार घरांत जायचे. मग सूनबाईने बिबडे वाळत घातलेल्या खाटांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले. आज पुणे, नाशिक आणि परदेशातल्या आमच्या लोकांकडूनही मागणी येते. दुकान नाही, पाटी नाही. आमच्या भरताच्या वांग्यांचंही तेच. २०१६ मध्ये 'जळगाव भरीत वांगी' आणि 'जळगाव केळी' यांना भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन म्हणजे तरी काय, हा माल कुठल्या मातीतला हे कोणीतरी जबाबदारीने सांगणं. चौघींपैकी एकीला लिहिता येत नाही. ती गिऱ्हाइकाला आवाजाचा संदेश पाठवते, "ताई, यंदा तीळ जास्त घातले, आवडले का सांगा." तिला ऐकताना मला आमच्या गावच्या बहिणाबाईंची आठवण होते.

बहिणाबाई १८८० मध्ये असोद्याला जन्मल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, तरी जळगावच्या छापखान्यावर त्यांनी कविता केली. त्या म्हणत गेल्या आणि घरातल्यांनी ते उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. जरा विचार करा, एका निरक्षर शेतकरीण बाईची कविता तेव्हा कोणी हातात घेतली असती? अत्र्यांनी आपली पत तिच्या मागे उभी केली. माझ्या भाषेत सांगायचं तर ती शाहजोग हुंडी होती आणि अत्रे तिचे शाहा. ती हुंडी शंभर नंबरी निघाली, हे महाराष्ट्र जाणतो.

आता जे सांगायचं ते सांगतो. बरेच दिवस मनात आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडेबाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश कितीतरी दिवस मोबाईलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे जमावाच्या हाती सापडले आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठार मारण्यात आलं. पाच निरपराध माणसं! २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. पण तो पहिला संदेश लिहिला कोणी? तो कुठल्या पिंजऱ्यात उभा राहिला? त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं.

त्या आठवड्यात मी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या समूहावर लांबलचक मजकूर लिहिला. न तपासता काही पुढे पाठवू नका, विवेक ठेवा, वगैरे. सगळ्यांनी अंगठे दाखवून वाहवा केली. मलाही बरं वाटलं.

पुढे २०२० चा फेब्रुवारी आला. कोरोना दाराशी येऊन ठेपला होता. एके सकाळी मला एक संदेश आला, कोंबडीमुळे कोरोना होतो, मांसाहार टाळा. खाली एका डॉक्टरचं नाव होतं. मी शाकाहारी. मला तो पटला, किंवा खरं सांगायचं तर पटवून घ्यायला आवडला. त्याच समूहावर मी तो ढकलला आणि वर लिहिलं, 'काळजी घ्या.'

दुपारी एका विद्यार्थ्याचा फोन आला. नवापूर तालुक्यात त्याची पोल्ट्री आहे. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले होते. त्यातून हा मुलगा कर्ज काढून पुन्हा उभा राहिला होता. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "गुरुजी, असले मेसेज महिनाभर फिरताहेत, मी लोकांना समजावत होतो. आज गावातला एक जण म्हणाला, आता तर तुझ्या गुरुजींनीच पाठवलं. मग मी काय बोलू?"

मी समूहावर माफी मागितली. तिला किती अंगठे आले ते सांगत नाही. चूक पंधरा मिनिटांत पसरली होती, दुरुस्ती कोणी पुढे पाठवली नाही. त्या दोन महिन्यांत कोंबडीचे भाव मातीमोल झाले. बेळगाव जिल्ह्यात एकाने हजारो जिवंत पिल्लं खड्ड्यात पुरली, ती चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. माझ्या विद्यार्थ्याने शेडमधले पक्षी फुकट वाटले. त्यातून बाहेर यायला त्याला काही वर्षं लागली. नुकसान माझ्या एका संदेशाने झालं असं तो कधी म्हणाला नाही. पण त्या हुंडीवर माझी सही होती, हे मला कळतं. ती बनावट निघाली आणि शाहाने एक पैसाही परत केला नाही.

राईनपाड्यावर प्रवचन देणारा माणूस दीड वर्षात तेच करून बसला. म्हणून मी हल्ली कोणाला 'अडाणी लोक अफवा पसरवतात' असं म्हणत नाही. अफवेला अडाण्यापेक्षा पत असलेला माणूस जास्त उपयोगी पडतो. निवृत्त मास्तर, डॉक्टर, समाजाचा अध्यक्ष, यांचा हात लागला की खोटी हुंडी वटते. एप्रिल २०२० पासून फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. बंधन चांगलं आहे. पण हुंडीच्या काळात हे बंधन यंत्रात घातलेलं नव्हतं, माणसाच्या मनात होतं, कारण खिशातून व्याजासकट द्यावं लागे.

बातमी पुन्हा पोस्टकार्डाच्या वेगाने यावी असं मी म्हणणार नाही. पंधरा दिवस पट्टीची वाट बघणाऱ्या माझ्या आईला विचारा, ती काय म्हणाली असती! वेग हवाच. पण सूनबाईचे बिबडे विकले जातात ते वेगामुळे नाही, मागच्या वर्षीचे चांगले निघाले म्हणून. एखादे वेळी तुटके गेले तर ती न मागता दुसरे पाठवते. परतफेड करायची तयारी असलेला माणूस त्या फोटोमागे उभा आहे, म्हणून तो फोटो चालतो.

मी आता एकच नियम पाळतो. संदेश पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारतो, हा खोटा निघाला तर ज्याचं नुकसान होईल त्याच्या दारात जाऊन मी उभा राहू शकेन का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' येतं आणि संदेश तिथेच थांबतो.

गेल्या दिवाळीत नवापूरचा तो विद्यार्थी घरी आला होता. शेड पुन्हा भरली आहे म्हणाला. जाताना पाया पडायला वाकला, मी त्याला मध्येच धरलं.

असो. पट्ट्यांचा तो गठ्ठा पुतण्या रद्दीत टाकायला निघाला होता. मी ठेवून घेतला. प्रत्येक कागदाच्या तळाशी आडत्याची सही आहे, शाई फिकी झाली तरी वाचता येते.