दवंडीचा नियम आणि दीडशे किलोमीटरवरची सुनावणी

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, म्हणून महाशिवरात्रीला आपल्याकडे एवढी जत्रा भरते. देवळाच्या पारावर बसलं की हल्ली गप्पा हमखास चामोर्शी-आष्टी रस्त्यावर, लोहखनिजाच्या ट्रकांवर आणि कोनसरीच्या कारखान्यावर येतात. मग कोणीतरी विचारतंच, "भाऊ, याला परवानगी देली कोनं? आपल्याले कोनी इचारलं का?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी चाळीस वर्षं मागं जावं लागतं.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इचमपल्ली अशी दोन मोठी धरणं येऊ घातली होती. दक्षिण गडचिरोलीचं जंगल आणि माडिया-गोंडांची गावं त्यात बुडणार होती. तेव्हा जनसुनावणी हा शब्दही कायद्यात नव्हता. तरी १९८४ मध्ये 'जंगल बचाव मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटेंनी इंदिरा गांधींना पत्र लिहिलं. ऑगस्ट १९८४ मध्ये त्यांचं उत्तर आलं. आदिवासी विस्थापित होतात याचं दुःख त्यात होतं, पण कधीकधी इलाज नसतो, असंही होतं. म्हणजे आश्वासन काहीच नाही. तरी ती दोन्ही धरणं आजपर्यंत झालेली नाहीत.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भोपाळ घडलं. १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९९४ च्या अधिसूचनेनं मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, १९९७ ला जनसुनावणी आली आणि २००६ ला नवी अधिसूचना निघाली. ती जरूर वाचा. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यावी, किमान तीस दिवस आधी कळवावं, आणि जिथं पेपर पोचत नाही तिथं दवंडी पिटावी असं त्यात लिहिलंय. दिल्लीच्या राजपत्रात दवंडी! कोणाला तरी आपल्यासारखी गावं ठाऊक होती.

आता कागद सोडून जमिनीवर या.

सिरोंच्याजवळ गोदावरीवर तेलंगणानं मेडीगड्डा बांधलं. कालेश्वरम प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी डिसेंबर २०१७ ची, आणि काम मात्र त्याआधीच जोरात सुरू झालेलं. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सांगितलं की ही मंजुरी कायद्याला धरून नाही. तोवर उद्घाटन होऊन वर्ष उलटलं होतं. २०२३ मध्ये त्याच बॅरेजचे खांब खचले. बॅकवॉटरनं जमीन गेली म्हणून सिरोंच्याचे शेतकरी अजून चकरा मारतायत.

आणि सुरजागड. दरवर्षी जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते तोच डोंगर. २००७ मध्ये तिथं सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉयड्स मेटल्सला मिळाला. पुढं उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर न्यायचं ठरलं. त्याची जनसुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ ला झाली, गडचिरोलीला, जिल्हा मुख्यालयात. सुरजागडहून सुमारे दीडशे किलोमीटर. म्हणजे आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत, आपल्या मार्कंड्याच्या फाट्यावरून पुढं जायचं, तेव्हा कुठं आपलं म्हणणं मांडायचं. २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

खाण नकोच, असं मी म्हणत नाही. कोनसरीत आपल्याच तालुक्यातली पोरं कामाला लागली आहेत, त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. पण रोजगार दिला म्हणून विचारण्याचा हक्क संपतो का?

पेपरात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळली. मंजुरी मिळाली की आपण बातमी छापतो आणि विषय सोडून देतो. खरं तर लक्ष ठेवायचं काम तिथून सुरू होतं. मंजुरी अटींवर असते. धूळ, पाणी, झाडं, रस्ता या सगळ्याबद्दल कंपनीनं काय करायचं ते त्यात लिहिलेलं असतं. अटी पाळल्या की नाही, याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो लोकांना पाहायला खुला असतो. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीला द्यायची असते, पंचायतीनं ती तीस दिवस लावायची असते.

तुमच्या पंचायतीच्या फळ्यावर ती कधी पाहिली का? मी विचारतो तिथं लोक मान हलवतात.

८४ साली लोकांजवळ यातलं एकही कलम नव्हतं, तरी ते विचारायला गेले. आज कलमं आहेत. पुढच्या ग्रामसभेत सचिवाला एवढंच म्हणा: साहेब, मंजुरीची प्रत आणि शेवटचा सहामाही अहवाल दाखवा, अन् मराठीत वाचून दाखवा. पलीकडं एटापल्लीत माडियात.

काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. गावाचं नाव टाका. मी एकेक करून पाठपुरावा करतो.